‘बाबा बोटीवर आहेत’ असं किती दिवस सांगणार?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावाला सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा सुनावली, त्याला दीड वर्ष झालं. प्रकरण उच्च न्यायालयात आहे, भाऊ पुण्याला येरवड्यात. वहिनी मुंबईत घरकामं करून पैसे पाठवते. भावाची दोन मुलं, १४ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी, ताईंकडे आहेत. धाकटीला ‘बाबा बोटीवर आहेत’ असं सांगितलंय. मोठ्याला किती ठाऊक आहे, ते ताईंना कळत नाही. त्या विचारतात: मुलांना काय सांगू? कधी सांगू? आणि उद्या खरंच तसं झालं, तर ही मुलं जन्मात कधी सावरतील का?

ताई, मी मानसोपचार समाजसेविका. २६ वर्षं या कामात गेली, त्यातली बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. ज्यांच्या आईला किंवा बापाला प्रत्यक्ष फाशी दिली गेली, अशी माणसं माझ्याकडे मोजकीच आली, आणि तीही मोठी होऊन, केस पिकल्यावर. त्याचं कारण उघड आहे. आपल्या देशात २००४ पासून आठच जणांना फाशी दिली गेली. पण शिक्षा सुनावलेले आणि वाट बघत बसलेले कैदी पाचशेहून जास्त आहेत, आणि त्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या आत्याकडे, मामाकडे, आजीकडे वाढतायत. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाली ज्या मुलांबद्दल सांगितलंय, त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

आधी एका शब्दाबद्दल. आपण सहज म्हणून जातो, ‘त्याला फाशी झाली.’ न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली त्या दिवशीही हेच म्हणतो आणि पहाटे तुरुंगात ती दिली गेली तरी हेच. मोठ्यांना मागचंपुढचं माहीत असतं, म्हणून अर्थ लागतो. मुलाला लागत नाही. सात वर्षांच्या एका मुलानं शेजारच्या टीव्हीवर ‘फाशी झाली’ ऐकलं आणि मनाशी बाप मेला असं धरलं. कुणाला काही विचारलं नाही. आठ महिन्यांनी तुरुंगातून बापाचं पत्र आलं. आजी ते वाचायला लागली, तसा हा मागच्या दारानं पळाला आणि माडाच्या आळ्यात जाऊन बसला, रात्रीपर्यंत घरात येईना. मेलेल्या माणसाचं पत्र आलंय असं त्याला वाटलं होतं. तो भुताला भ्यायला होता, आणि घरचे म्हणत होते, बापाचं पत्र आलं तरी पोराला माया नाही.

म्हणून घरात बोलताना ‘शिक्षा सांगितली आहे’ असं म्हणा, ‘फाशी झाली’ म्हणू नका. हे खोटं नाही, उलट जास्त खरं आहे. सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय देताच येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३६६ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०७ आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसतं, त्यामुळं निदान तारखेला मुंबई गाठायची दगदग कमी झाली आहे. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. खालच्या कोर्टातल्या बहुतेक फाशीच्या शिक्षा वर टिकत नाहीत. जन्मठेप होते, कधी सुटकाही होते. हे तुमच्या भाच्याला समजेल अशा भाषेत सांगता येतं. खोटी आशा म्हणून मात्र सांगू नका. ‘बाबा सुटणार’ असं वचन एकदा दिलंत आणि ते मोडलं, तर तो पुन्हा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

या वाटेला वर्षं लागतात, आणि मुलांना सर्वांत जास्त काय पोखरत असेल तर ते हे वाट बघणं. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं, बालहत्यांचं प्रकरण आठवत असेल. २००१ मध्ये शिक्षा, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, अर्जावर निर्णय घ्यायला सरकारनं अक्षम्य वेळ लावला म्हणून, फाशीची जन्मठेप केली. त्या गुन्ह्यांबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. मी फक्त वर्षं मोजते आहे. २००१ मध्ये जन्मलेलं मूल २०२२ मध्ये एकवीस वर्षांचं होतं. अख्खं बालपण ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये गेलेलं.

किनाऱ्यावरच्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं, तेव्हा आपल्याकडच्या किती होड्या परत आल्या नाहीत. प्रेत मिळालं नाही, त्या घरांत बायकांनी कुंकू पुसायचं की नाही, दिवस घालायचे की नाही, काही ठरेना. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांत हीच गोष्ट पाहिली आणि तिला नाव दिलं, आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. माणूस गेलेला नाही आणि असलेलाही नाही. फाशीची शिक्षा झालेल्याचं घर तसंच असतं. फरक एवढाच, की फयानमध्ये गेलेल्याच्या घरी गाव धावून आलं होतं.

या घराकडे कुणी येत नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाज दुःख म्हणून मोजतच नाही. ज्याच्यासाठी रडायचं, तो माणूस ‘रडण्याच्या लायकीचा नाही’ असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, म्हणून मूल रडत नाही. आणि माझं २६ वर्षांचं मत असं, की मुलांच्या पुढच्या आयुष्यात जे सगळ्यांत लांबपर्यंत पोचतं, ते हेच. त्यांना दुःख करायची परवानगी मिळालेली नसते.

एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा साठी उलटली होती. रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीकाठी घर, जन्म मासेमारीत गेला, आता घरी. तक्रार झोपेची. रोज पहाटे चारला जाग येते, छातीत धडधड होते, मग पडवीत बसून उजाडायची वाट बघतात. किती वर्षांपासून, म्हटलं. म्हणाले, लहानपणापासूनच. घरी सगळ्यांना वाटे समुद्रावर जायची सवय आहे. तिसऱ्या भेटीत कळलं, ते सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांना येरवड्यात फाशी दिली होती. त्यानंतर आई रोज पहाटे चारला उठून चुलीपुढं बसायची, चूल न पेटवता. हे तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे. दोघांत त्याबद्दल आयुष्यात एक शब्द झाला नाही. आईवडिलांच्या लग्नाचा एकच फोटो होता. त्यातला वडिलांचा चेहरा आईनं कात्रीनं कापून काढला होता. फोटो मात्र फेकला नाही. भोकासकट ट्रंकेत जपला. माझ्याकडे येण्याचं निमित्त झालं नातीच्या शाळेचं. वंशावळ काढून आणायला सांगितली होती. ती वही घेऊन आली, ‘आजोबा, तुमच्या बाबांचं नाव काय?’ हे उठून बाहेर गेले आणि खळ्यात चक्कर येऊन पडले.

मी त्यांना विचारलं, घरी म्हाळ घालता का? म्हणाले, दर वर्षी. कुणाकुणाची नावं घेता? आजोबा, पणजोबा, आई. वडिलांचं पान नाही. पन्नासहून जास्त वर्षं त्या घरात पितृपक्षात पानं वाढली गेली आणि एक पान वाढलं गेलं नाही. ‘तसला माणूस’ म्हणून आजोबांनी सुरुवातीला नाव गाळलं, आणि मग ते गाळलेलंच राहिलं. मी काही धर्मशास्त्र जाणत नाही. त्यांनीच गावच्या भटजींना विचारलं. भटजींनी पंचांग उघडून भाद्रपद वद्य चतुर्दशी दाखवली: शस्त्रानं, अपघातानं, अशा रीतीनं मेलेल्यांचं श्राद्ध. म्हणजे परंपरेनं त्यांच्यासाठी एक दिवस राखून ठेवलेला होता. घरानं तो वापरला नव्हता. त्या वर्षी त्यांनी वडिलांचं नाव घेऊन पान वाढलं आणि कावळा येईस्तोवर उन्हात उभे राहिले. झोप एकदम सुधारली असं नाही. पण पुढच्या भेटीत ते पहिल्यांदा ‘माझो बापूस’ म्हणाले. त्याआधी नेहमी ‘तो’.

तुम्ही विचाराल, खुनी माणसासाठी हे सगळं कशाला? ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्या घरांतल्या मुलांबरोबरही मी काम केलंय. त्यांचं दुःख कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही, आणि तुमच्या भाच्यांनाही त्या घराची जाणीव असायला हवी. पण एका घरातल्या मुलाला गप्प बसवून दुसऱ्या घरातल्या मुलाचं काही भरून येत नाही. मुलाला दोन्ही वाक्यं एकत्र म्हणता आली पाहिजेत: बाबांनी फार वाईट केलं असं कोर्ट म्हणतं, आणि ते माझे बाबा आहेत. मोठी माणसं यातलं एकच वाक्य निवडायला लावतात. आईकडची माणसं म्हणतात, बापाचं नाव काढायचं नाही. बापाकडची म्हणतात, त्याला गुंतवलंय. मूल मधे फाटतं.

आता धाकटीचं. नऊ वर्षांच्या मुलीला ‘बोटीवर’ हे पटण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे निम्म्या वर्गाचे बाप कधी ना कधी बोटीवर किंवा आखातात असतात. पण त्या मुलींच्या बाबांचे व्हिडिओ कॉल येतात, सुट्टीला बॅगा भरून घरी येतात. तुमच्या भाचीनं हे कधीच मोजलेलं असणार. चतुर्थीला मुंबईहून घर भरून माणसं येतात. दहा-बारा वर्षांचं एखादं चुलत भावंड रात्री आरतीनंतर अंथरुणात बोलून जाईल. तिला ते त्याच्याकडून कळता कामा नये. चतुर्थीच्या आत सांगा.

शाळेतही कळतं, आणि फार वाईट तऱ्हेनं कळतं. तिसरीतली एक मुलगी इंग्रजीच्या तासाला दर वेळी ओकायची. डॉक्टर, जंताचं औषध, दृष्ट काढणं, सगळं झालं. मी शाळेत जाऊन तासाला मागं बसले. बाई फळ्यावर शब्दांचा खेळ घेत होत्या, एक अक्षर चुकलं की एक रेघ: आधी खांब, मग दोरी, मग डोकं, मग हात-पाय. हँगमन. साऱ्या वर्गाला मजा वाटत होती, बाईंच्या मनात काही नव्हतं. त्या मुलीला घरी कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. बाईंना सांगितल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून तोच खेळ फुलाच्या पाकळ्या पुसत घ्यायला लागल्या. ताई, शाळेतल्या एका तरी विश्वासाच्या शिक्षकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. सगळ्यांना नको. एकालाच.

धाकटीला सांगताना साधारण असं बोला. जवळ घेऊन, दिवसाउजेडी, झोपायच्या वेळी नाही. ‘बाबा बोटीवर नाहीत. मी तुला खोटं सांगितलं, कारण मलाच भीती वाटत होती. बाबा पुण्याला तुरुंगात आहेत. एका माणसाचा जीव गेला, आणि तो बाबांनी घेतला असं कोर्टानं ठरवलंय. कोर्टानं फार मोठी शिक्षा सांगितली आहे. आता वरचं कोर्ट ती तपासून बघतंय. आज बाबा जिवंत आहेत, जेवतात, झोपतात, तुझी आठवण काढतात. पुढं काही कळलं तर ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, मी सांगेन. आणि तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मुलांच्या डोक्यात काय हिशेब चाललेले असतात याचा अंदाज येत नाही. एका मुलाची खात्री होती की त्यानं सायकल मागितली म्हणून बाप पैशासाठी त्या भानगडीत पडला.

ती विचारेल, ‘त्यांना मारतील का?’ तर ‘छे छे’ म्हणू नका. ‘तशी शिक्षा सांगितली आहे. अजून नक्की झालेलं नाही. नक्की झालं तर मी तुझ्याजवळ असेन.’ बास. ती कदाचित लगेच उठून खेळायला जाईल. ते बेफिकिरीचं लक्षण नाही, मुलं दुःख घोटाघोटानं घेतात. पुढं काही दिवस अंथरूण ओलं होईल, पोटात दुखेल, तुमचा पदर सोडणार नाही. हे अपेक्षित आहे, ओरडू नका. महिन्याभरात कमी झालं नाही, वजन उतरलं, बोलणं बंद झालं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

मोठ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘त्याला किती ठाऊक आहे ते कळत नाही.’ मी पैज लावून सांगते, सगळं ठाऊक आहे. १४ वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाईल असतो, नसला तर मित्राच्या हातात असतो. त्याच वयाचा एक मुलगा माझ्यासमोर अर्धा तास जमिनीकडे बघत बसला होता. मग म्हणाला, ‘माका सगळा ठावक आसा. पण आत्येक सांगू नका, ती रडतली.’ आत्या बाहेर बाकावर बसली होती, त्याला कळू नये म्हणून जिवाचं रान करत. त्याच्या कंपासपेटीत, खालच्या कप्प्यात, निकालाच्या बातमीचं कात्रण घडी घालून ठेवलेलं होतं. घड्यांवर कागद विरला होता, इतक्यांदा उघडलेलं. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे होते.

या वयाच्या मुलांचा खरा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो ती तोंडानं विचारत नाहीत: मीही तसाच निघणार का? दुसऱ्या एका मुलानं कोयत्याला हात लावणं सोडलं होतं. नारळ सोलायला सांगा, झावळ्या तोडायला सांगा, काहीतरी सबब काढून निसटायचा. मामाला वाटलं आळशी झालाय. बापाच्या प्रकरणात कोयता होता. मुलगा स्वतःच्या हाताला घाबरत होता. भांडणात कुणी ‘बापाचं रक्त आहे’ म्हटलं की संपलंच. घरात हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघता कामा नये, रागातही नाही, मस्करीतही नाही. आणि भाच्याशी हे आपण होऊन काढा: राग सगळ्यांना येतो, तुलाही येतो, तो आला म्हणजे तू बाबा होत नाहीस.

इतिहासाच्या तासाचीही तयारी ठेवा. २३ मार्चला शाळेत भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्यावर भाषणं होतात. आपल्या खेड तालुक्यातल्या अंजनीच्या अनंत कान्हेऱ्यांचा धडा घोटून घेतला जातो: नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनचा वध, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी, वय जेमतेम अठरा. एका मुलानं मला विचारलं होतं, ‘त्यांच्या नावाचं नाशिकला मैदान आहे. मग माझ्या बाबांचं नावसुद्धा का घ्यायचं नाही?’ मी गडबडले होते. मग सांगितलं, ते देशासाठी गेले असं लोक मानतात, म्हणून त्यांचं मैदान आहे. तुझ्या बाबांचं मैदान होणार नाही. पण नाव घ्यायला मैदान लागत नाही, तू माझ्यासमोर घे. त्यानं घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

गावाचं काय? शिमग्याला पालखी तुमच्या घरी येते का, हे मी मुद्दाम विचारते. कारण मुलं ते बघतात. वाडीतल्या सगळ्या अंगणांत पालखी नाचली आणि आपल्या दारावरून तशीच पुढं गेली, हे मूल चाळीस वर्षं विसरत नाही. गाऱ्हाण्यात घराचं नाव घेतलं नाही, पंगतीला बोलावणं आलं नाही, विहिरीवर कुणी बाजूला सरलं, हे सगळं ती टिपून ठेवतात. गावकीनं असं काही ठरवलं असेल तर ते बेकायदा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लगेच पोलिसांत जा असं मी म्हणणार नाही. मुलांना त्याच गावात राहायचंय. आधी गावकरांना, मानकऱ्यांना एकटं गाठून बोला. ‘माझ्या भावाला काय ते कोर्ट बघेल, पोरांनी काय केलंय?’ एवढंच. माझ्या अनुभवात दहांतली बरीच गावं एवढ्यावर नरमतात. एखादं गाव नाही नरमलं, तर कायदा आहेच.

मुलांना भेटीला न्यावं का? न्यावं, त्यांची इच्छा असेल तर. ‘तुरुंग बघून मनावर परिणाम होईल’ म्हणून मुलांना दूर ठेवतात, पण न बघितलेला तुरुंग बघितलेल्यापेक्षा भयंकर असतो. देवगडहून पुण्याला म्हणजे एक रात्र एसटीत आणि घाटात उलट्या. खर्च आणि मजुरी बुडणं मला कळतं, तरी वर्षातून दोनदा तरी जमवा. मुलाखत काचेआडून असते, आवाज फोनमधून येतो, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर धाकटी धावत जाऊन काचेवर आपटेल. आपल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम चालतो, त्यात मुलांना बापाच्या मांडीवर बसता येतं. फाशीच्या कैद्याला तो मिळेलच असं नाही, पण लेखी अर्ज करा, नकारही लेखी घ्या.

आता सगळ्यात अवघड. खरंच तारीख ठरली तर.

२१ जानेवारी २०१४ ला शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं, त्यानंतर किमान १४ दिवस मध्ये जाऊ द्यायचे, शेवटची भेट घडवून आणायची. हे नियम उगीच आलेले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्ये संसद हल्ला प्रकरणातल्या अफझल गुरूला फाशी दिली, तेव्हा घरी पाठवलेलं पत्र फाशीनंतर दोन दिवसांनी पोचलं, आणि मृतदेह तुरुंगातच पुरला गेला. त्याला शाळकरी मुलगा होता. गुन्हा काय होता यावर ज्याचं जे मत असेल ते असो, मुलाला बाप गेल्याचं टीव्हीवरून कळणं ही वेगळी जखम आहे, आणि ती त्या मुलानं काही करून ओढवून घेतलेली नसते. आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात, जो भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला, कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारच्या कृतीमुळं मूल आईबापापासून तुटलं, मग ते कैदेनं असो वा मृत्यूनं, तर माहिती द्यायची जबाबदारी सरकारची. वकिलांना हे माहीत असतं, पण तुम्हीही धरून ठेवा.

तारखा पुढं-मागं होतात. २०२० मध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणात २२ जानेवारी ठरली, मग १ फेब्रुवारी, मग ३ मार्च, आणि शेवटी २० मार्चला फाशी दिली. प्रत्येक वेळी वाहिन्यांवर उलटी मोजणी. प्रत्येक तारखेला घरातलं मूल एकदा मरतं. त्या दिवसांत टीव्ही बंद, मोबाईल तुमच्याकडे, आणि मुलं गावाबाहेर, शक्यतो आईजवळ. शेवटच्या भेटीला न्यायचं की नाही हे मुलालाच विचारा, मोठ्याला तर नक्कीच. जायचं असेल तर काय बोलायचं ते आधी बोलून बघा. काही मुलांना फक्त हात धरून बसायचं असतं. काहींना रागावायचं असतं, तेही चालेल.

मृतदेह मिळाला तर फार मोठा फरक पडतो. भावकीशी आधीच बोलून ठेवा: खांदा कोण देणार, गावचं स्मशान मिळणार का, दहावं कोण करणार. हे त्या दिवशी ठरवायला बसलात तर अंगणात भांडणं होतील आणि मुलं ती ऐकतील. चारच माणसं आली तरी चालतील, पण ती आधीपासून माहीत असू देत. सुतक पाळा. तेरा दिवस मुलांना शाळेत पाठवू नका, इतर कुणाचे वडील गेले असते तर पाठवलं नसतंत.

सावरतील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अमेरिकेत १९ जून १९५३ ला ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या नवरा-बायकोला हेरगिरीच्या आरोपावरून एकाच दिवशी विजेच्या खुर्चीत मारलं. मागं दोन मुलगे, दहा आणि सहा वर्षांचे. नातेवाईक त्यांना घरात घ्यायला धजत नव्हते. एका अनोळखी जोडप्यानं दत्तक घेतलं, आपलं आडनाव दिलं. दोघं शिकले, संसार केले. धाकट्यानं १९९० मध्ये, चळवळींमुळं ज्यांच्या आईबापांवर कारवाई झाली अशा मुलांना मदत करणारा निधी उभा केला. आणि २०१६ मध्ये, सत्तरीच्या आसपास पोचलेले ते दोघं, आईवरचा कलंक पुसा म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे मागणं घेऊन उभे होते. त्रेसष्ट वर्षांनी. माझं उत्तर या दोन्हींत आहे, ताई. आयुष्य उभं राहतं, आणि ते पुसलंही जात नाही. कुणीतरी दार उघडलं, म्हणून ते उभं राहिलं. तुम्ही उघडलंत.

पैशाचं पटकन सांगते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, बाल कल्याण समितीपुढं मुलांना न्यावं लागेल. सध्या एका मुलामागं महिन्याला २२५० रुपये मिळतात. अडवलं तर १०९८ ला फोन करून मुलांसाठी मदत मागा. मनाच्या त्रासासाठी टेली मानस, १४४१६, रात्री-अपरात्रीही आणि मराठीत. तो नंबर तुमच्यासाठीही आहे. भाऊ तुमचा आहे, तुम्हालाही रडायला कुणी सांगितलेलं नसणार.

पुण्याला जायचं ठरलं की बाबांसाठी काय न्यायचं ते धाकटीला ठरवू द्या. ती चित्र म्हणेल, आंबापोळी म्हणेल, घरच्या काजूगरांची पुडी म्हणेल. आत काय चालतं ते आधी फोन करून विचारून घ्या, म्हणजे दारात तिच्या हातातून काढून घ्यायची वेळ येणार नाही.